मदत हवी आहे: नेब्रास्का, चेरी काउंटीत हायवे ६१ घेऊ की ९७?

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन ओमाहाहून चेरी काउंटीतल्या व्हॅलेंटाइन गावी जातोय, दोन रात्री तिथेच. सँडहिल्स (गवताळ वाळूच्या टेकड्या) आणि स्मिथ फॉल्स धबधबा बघायचाय. जाताना प्रश्न नाही, परतीचाच घोळ आहे.

ही काउंटी जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढी आणि २०२० च्या जनगणनेत माणसं फक्त ५,४५५! बाबांना अजून खरं वाटत नाहीये.

दोन पर्याय दिसतायत. एक म्हणजे हायवे २० ने पश्चिमेला क्रुकस्टन, किलगोर, नेन्झेल, कोडी करत मेरिमन आणि तिथून ६१ ने खाली हायॅनिस. दुसरा, व्हॅलेंटाइनहून सरळ ९७ ने मेरिट तलावाजवळून मलन. दोन्हीकडून पुढे हायवे २ लागतो. मला पहिला आवडलाय कारण कोडीत शाळेतली मुलं चालवतात ते किराणा दुकान आईला दाखवायचंय (वाळक्या काडाच्या गठ्ठ्यांच्या भिंती आहेत म्हणे त्याला).

गाडी साधी सेडान, खडीचा रस्ता नको. बाबांचे गुडघे दुखतात, तासाभराने उतरावंच लागतं. जेवण घरचं नेतोय, त्यामुळे व्हेज कुठे मिळेल हे नका सांगू 😀 ऑफलाइन मॅप घेतलाय, काउंटीच्या पश्चिम भागात घड्याळ एक तास मागे जातं हेही माहितीये. पेट्रोल पंपांच्या वेळा मात्र गूगलवर धड नाहीत, एका पंपाला दोनदा फोन केला, कोणी उचलला नाही.

परतीचा दिवस रविवार आहे. तर कोणी गेलं असेल तर सांगा, मेरिमन ते हायॅनिसमध्ये रविवारी पेट्रोल आणि बाथरूम मिळतं का, की गुपचूप व्हॅलेंटाइनला टाकी फुल करून ९७ च धरू?