लिपी मातीच्या खड्यांतून जन्मली का?

मातीवेडा:
मला वाटतं, लिहिणं मंत्रांतून किंवा काव्यातून आलं नाही, ते मेंढरं आणि धान्य मोजण्यातून आलं. पश्चिम आशियात इ.स.पू. ८०००च्या सुमारापासून मातीचे छोटे शंकू, गोट्या, चकत्या सापडतात; हेच मोजणीचे खडे. पुढे इ.स.पू. ३५००च्या आसपास सूसा (आजच्या इराणात), उरुक (आजच्या इराकात) इथे हे खडे मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर मुद्रा उमटवत. पण आत काय आहे ते गोळा फोडल्याशिवाय कळणार कसं? म्हणून काही गोळ्यांवर खड्यांचे ठसेही उठवले. आणि हिशेब बाहेर दिसतोय म्हटल्यावर आत खडे ठेवायची गरजच उरली नाही. गोळ्याची मातीची सपाट पाटी झाली. पुरातत्त्वज्ञ डेनिस श्मांट-बेसेरा यांची ही मांडणी मला पूर्ण पटते.

जुनी_वही:
आकड्यांपुरतं मान्य. पण शब्दचिन्हांचं काय? उरुकच्या पाट्यांवर मेंढीची खूण म्हणजे वर्तुळात फुली. तशीच चकती आधीपासून मेंढीसाठी वापरत असतील, तर मेंढपाळांच्या त्या मुलखात तिचे ढीग मिळायला हवेत. पुरातत्त्वज्ञ पॉल झिमान्स्की यांनी १९९३मध्ये नेमकं हेच विचारलं होतं: हजारो वर्षांत अशा चकत्या अगदी मोजक्याच का? शिवाय गोळ्यांत बहुतेक साधेच खडे निघतात, वर रेघा कोरलेले क्वचित. चेहरा जुळला म्हणून नातं ठरत नाही.

मातीवेडा:
मग इराकातल्या नुझीचा गोळा? वर कीलाकार लिपीत (मेसोपोटेमियाच्या पाचरीसारख्या खुणांच्या लिपीत) शेळ्यामेंढ्यांची यादी कोरलेली आणि आत त्या हिशेबाचे खडे.

जुनी_वही:
अहो, तो इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातला! तोवर लिपी रुळून दीड हजार वर्षं झाली होती. त्यावरून उगम कसा सिद्ध होतो?

ओसरी:
नुझीचा गोळा उगमाबद्दल काही सांगत नसेल, पण खडे टिकले होते हे सांगतो, आणि माझ्या मते महत्त्वाचं तेच आहे. आग्नेय तुर्कस्तानातल्या झियारत तेपेला असीरियन काळातले, म्हणजे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातले, शेकडो खडे मिळाले, धान्याच्या नोंदींच्या पाट्यांसोबत. पाटी लेखनिकासाठी. कोठारात पोती येताना-जाताना मोजणाऱ्या निरक्षर माणसाला हातातला खडाच सोयीचा. दोघं एका आवारात कामाला होते. त्यामुळे खड्यांना लिपीची पहिली पायरी म्हणून बाजूला ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

मातीवेडा:
हे मान्य. पण आकडे तरी खड्यांतूनच आले, यावर मी ठाम आहे.

जुनी_वही:
त्यावर माझा वाद नाहीच. मेंढीची खूण कुठून आली ते दाखवा. शिकागोत इराणातल्या चोघा मिश या प्राचीन स्थळाच्या बंद गोळ्यांचं न फोडता सीटी स्कॅन झालंय, तसं जगभरातल्या सगळ्या बंद गोळ्यांचं व्हायला हवं. त्यांत फुलीच्या चकत्या निघाल्या, तर मी माझं मत बदलेन.