सांगलीत राहून मैफल आणि शिकवणी: दोन्हीची घडी कशी बसवायची?

काळी_एक (सांगली)
शास्त्रीय गायन, विशारद परीक्षा पूर्ण, पट्टी (गाताना धरलेला सा) काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी. विश्रामबागेत संध्याकाळी पाच ते साडेनऊ लागोपाठ क्लास असतात, बहुतेक आठ ते चौदा वयाची मुलं. घरखर्च त्यातून भागतो, पण रात्रीपर्यंत गळा बसतो आणि सकाळी खर्ज (खालच्या सप्तकातले स्वर) लागत नाही. अधूनमधून कार्यक्रम होतात, त्यातलं हातात फारसं उरत नाही. पुण्याला न जाता इथेच दोन्ही नीट करायचं तर काय बदलावं?

खर्जपंचम (मिरज)
तास जास्त आहेतच, पण गळा बसण्याचं मुख्य कारण पट्टी आहे. मुलं काळी चारला गातात असं धरा, त्यांचा सा तुमच्या पंचमावर येतो. म्हणजे त्यांचा मध्यम हा तुमचा तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) आणि त्यांचा तार षड्ज हा तुमचा तार पंचम. भूप रागाचा साधा आरोह त्यांच्याबरोबर वीसदा म्हटलात की वीस वेळा तार पंचमाला गेलात, तेही पुरेसा गळा न तापवता. एक सप्तक खाली उतरून म्हणाल तर नवखी मुलं तुमच्या मागे खाली घसरतात.

त्यामुळे मुलांच्या बॅचमध्ये ओळ एकदाच गाऊन दाखवा आणि पुढची आवर्तनं पेटीवर द्या. अलंकार (स्वरांचे पलटे) पुढच्या इयत्तेच्या विद्यार्थ्याकडून म्हणवून घ्या, त्याचाही रियाज होतो. मुलांच्या दोन बॅच लागोपाठ ठेवू नका, मधे काळी एक-दोनला गाणाऱ्या मोठ्यांची बॅच घाला. अलंकार आणि सरगमगीतांना दहा मुलं चालतील, ख्याल सुरू झाला की पाचाच्या वर नकोत. कारण मग प्रत्येकाचा सूर वेगळा ऐकता येत नाही, आपण सगळ्यांवर आवाज चढवून गातो आणि तिथेच घसा जातो. पेटी चालू असताना बोलायचंही टाळा. वाजवणं थांबवून मग सूचना द्या. गाण्याइतकाच, कधी त्याहून जास्त, गळा अशा बोलण्याने शिणतो.

आणि एक कळकळीची विनंती: काळी एकचा मर्दानी तंबोरा मुलांसाठी काळी चारपर्यंत चढवू नका. तारा तुटतात, घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) ताण येतो, पुन्हा खाली उतरवल्यावर तो दिवसभर स्थिर राहत नाही. मुलांना इलेक्ट्रॉनिक तंबोरा पुरे. भोपळ्याचा तंबोरा स्वतःच्या सकाळच्या रियाजासाठी राखा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि जवारी (घोडीचा घासून बेतलेला माथा, ज्याने तार झणकारते) बोलेनाशी होते, म्हणून हवा कोरडी झाल्यावर, कार्यक्रमांच्या हंगामाआधी, कारागिराकडून जवारी नव्याने काढून घ्या. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर आपल्या दाराशी आहेत, तर नुसत्या मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर खर्ज लावत बसू नये असं मला मनापासून वाटतं.

सम_आली (सांगली)
पैशाचं बोलतो. कार्यक्रम ठरवताना 'सगळं मिळून एवढे' असं कधीच कबूल करू नका. तबला, पेटी, तंबोऱ्याची साथ, गाडीभाडं, बाहेरगावी असेल तर मुक्काम, हे सगळं वेगवेगळं लिहून पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. एकरकमी बिदागीत साथीदारांचे आणि गाडीचे पैसे आधी द्यावे लागतात, तेव्हा कात्री गायकालाच लागते.

दुसरं म्हणजे टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर. आयोजकाने सगळी रक्कम तुमच्याच नावावर दिली तर साथीदारांचा वाटाही तुमचं उत्पन्न दिसतो आणि कपातही त्या पूर्ण रकमेवर होते. साथीदारांचे पॅन देऊन त्यांची रक्कम थेट त्यांच्या खात्यात टाकायला सांगा. कापलेला कर विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही, हे पुष्कळ कलाकार विसरतात. जीएसटीची भीती बाळगू नका. शास्त्रीय गायनाच्या एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर तो लागत नाही.

गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, पाडवा, आषाढी हा आपल्याकडचा हंगाम. मिरजेला अंबाबाईचा नवरात्र संगीत महोत्सव आहे, दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते. अशा ठिकाणी पैशाकडे बघून जाऊ नये, ऐकणारा श्रोता तिथेच भेटतो. एरवीच्या कार्यक्रमात बडा ख्याल (संथ लयीतला ख्याल) पंचवीस मिनिटांत आटोपशीर मांडता यायला हवा आणि चार-पाच नाट्यपदं, अभंग पक्के हवेत. सांगलीचा श्रोता नाट्यपद मागतोच, त्यात कमीपणा मानू नका.

मध्यमा_पूर्ण (इस्लामपूर)
फी महिन्याऐवजी तीन महिन्यांची आगाऊ घ्या. मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा, मग मे महिन्यात गाव, एवढ्यात महिनेवारी फी कोरडी पडते. दहावीच्या वाढीव गुणांसाठी गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा देणारी मुलं दहावी झाली की गळतात. सगळा क्लास त्यांच्यावर उभा करू नका, चाळिशीच्या पुढचे हौशी विद्यार्थी जास्त टिकतात.

आकाशवाणीची ऑडिशन जरूर द्या, सांगलीला केंद्र आहेच. रागांच्या यादीत जेवढे खरोखर तयार असतील तेवढेच राग लिहा. मोठी यादी देऊन आयत्या वेळी कच्चा राग सांगितला गेला की नापास. ऑडिशनमधून मिळणाऱ्या ग्रेडवर पोट भरत नाही, पण आयोजकाशी बोलताना त्याचं वजन पडतं. कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर विशारदवर भागत नाही, एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा लागते.

काळी_एक (सांगली)
सगळ्यांचे आभार. बॅचची अदलाबदल या महिन्यापासूनच करतो. आणखी एक: अमेरिकेतल्या दोन विद्यार्थिनींनी विचारलंय. ऑनलाइन घ्यावं का?

खर्जपंचम (मिरज)
घ्या, पण वेळ आधी ठरवा. न्यू जर्सीत रात्रीचे साडेआठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे सहा आणि नोव्हेंबरपासून सात, कारण त्यांची घड्याळं बदलतात. नेमकी खर्जाची वेळ जाते. त्यापेक्षा त्यांच्या शनिवार-रविवारची सकाळ मागा. तिकडचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात.

तंबोरा विद्यार्थिनीच्या बाजूला वाजू दे. तुमच्याकडचा आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे एकत्र गाणं जमतच नाही. तुम्ही गा, थांबा, मग तिने गावं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' दोन्हीकडे चालू हवं, नाहीतर लांब लावलेला सूर ते गोंगाट समजून कापून टाकतं आणि तुम्हाला वाटतं तिचा श्वास पुरत नाही.