शब्दचर्चा : ‘माइंडफुलनेस’ला मराठीत काय म्हणावं? सजगता, अवधान, भान की आणखी काही?

डिचोलीहून
आमच्या वाचनालयात संध्याकाळी ज्येष्ठांसाठी श्वासाकडे लक्ष देण्याचा वर्ग चालतो. त्याच्या सूचनांचं एक पान इंग्रजीवरून मराठीत करायचं काम माझ्याकडे आहे. त्यात माइंडफुलनेस (आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष असणं) हा शब्द पावलोपावली येतो. छापील मराठीत त्याला हल्ली ‘सजगता’ म्हणतात, म्हणून मीही तोच घातला. पान वाचून दाखवलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, “बाई, हे सरकारी दक्षता सप्ताहाचं वाटतं गो.” त्यांचं म्हणणं मला पटलं. सजग नागरिक, सजग ग्राहक अशा जोड्यांतूनच हा शब्द आपल्या कानावर येतो आणि त्याला पहाऱ्याचा वास आहे. वर्गात तर आम्ही सांगतो की श्वास जसा येतो तसा येऊ द्या, त्याला सुधारायला जाऊ नका.

दुसरं अडतं ते ‘वर्तमान क्षणात जगा’ या वाक्याशी. जुन्या माणसांना वर्तमान म्हणजे बातमी, “काय वर्तमान?” असं पत्रात विचारणारी ती पिढी. आणि क्षणात जगा म्हटलं की उद्याचा विचार सोडा असं त्यांना ऐकू येतं. पेन्शनचा दाखला, रक्तदाबाच्या गोळ्या, नातवाची फी, यांचा विचार सोडून कसं भागेल? प्रश्न रास्त आहे. ऐकल्याबरोबर नेमकं काय करायचं ते कळेल असा शब्द कुणी सुचवाल का?

फोंड्याहून
बाई, मुळापासून आलो तर थोडा उजेड पडेल. माइंडफुलनेस हा इंग्रजी शब्द जुनाच आहे, पण आजच्या अर्थाचं मूळ टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स या इंग्रज पंडितांनी १८८१ मध्ये बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेतल्या ‘सति’साठी तो वापरला त्यात आहे. सति म्हणजे संस्कृतातली स्मृती. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातलं सातवं अंग सम्मासति, त्याचं मराठी सम्यक् स्मृती. म्हणजे आठवण! इथे पुष्कळजण अडखळतात. वर्तमानात राहायचं तर आठवणीचं तिथे काम काय?

आणि हा अर्थ पुढे कुणी चिकटवलेला नाही. सति हे बळ ज्याच्याकडे आहे त्याचं वर्णन पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या प्रवचनांत, ‘फार पूर्वी केलेलं, फार पूर्वी बोललेलंही आठवणारा’ असं येतं. त्याच परंपरेतलं सतिपट्ठान सुत्त मात्र चालणं, बसणं, श्वास घेणं अशा आत्ताच्याच गोष्टींबद्दल बोलतं. एकच शब्द दोन्हीकडे कसा?

मला याचं उत्तर आपल्या घरच्या बोलीत सापडतं. ‘दुधाकडे लक्ष ठेव’ आणि ‘दूध चुलीवर आहे हे लक्षात ठेव’. पहिल्यात पाहणं आहे, दुसऱ्यात आठवण आहे, आणि शब्द एकच, लक्ष. ‘ध्यान दे’ आणि ‘ध्यानात ठेव’ यांचंही तेच. पाहणं आणि आठवणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत हे मराठीने कधीच ओळखलेलं आहे. श्वासाकडे पाहत बसलो की मन निसटतंच. जरा वेळाने ‘अरे, आपण श्वासाकडे पाहत होतो’ हे आठवतं. ते आठवणं म्हणजे सति. पतंजलींनी स्मृतीची व्याख्या ‘अनुभूतविषयासंप्रमोषः’ अशी केली आहे, म्हणजे अनुभवलेला विषय निसटू न देणं. त्यांचा संदर्भ वेगळा, पण ‘निसटू न देणं’ हे शब्द वर्गात सांगण्याजोगे आहेत.

पानावर मात्र ‘स्मृती’ छापू नका. ज्येष्ठांचा वर्ग आहे. स्मरणशक्ती वाढवायचा व्यायाम समजून लोक येतील आणि निराश होतील.

पणजीहून
मी मानसशास्त्र शिकवते. आमच्या पाठ्यपुस्तकांत ‘अवधान’ हा शब्द अटेन्शनसाठी ठरून गेला आहे, तेव्हा माइंडफुलनेसला तोच दिला तर विद्यार्थ्यांचा घोळ होईल. सामान्य वाचकासाठी मात्र तो मला प्रिय आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची पहिलीच ओवी आठवा, ‘तरी अवधान एकलें दीजे। मग सर्व सुखासि पात्र होईजे।’ अवधान ‘देण्याची’ गोष्ट आहे, त्यात पहारा नाही. एखादं मूल काही सांगत असताना आपण हातातलं काम बाजूला ठेवतो, तसं ते देणं आहे.

बाई ज्या इंग्रजी मजकुरावरून काम करत आहेत तो बहुधा जॉन कबाट-झिन यांच्या वळणाचा असणार. त्यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, वूस्टर गावी, जुनाट दुखणी आणि ताण असलेल्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. त्यांच्या सांगण्यात तीन गोष्टी एकत्र येतात : लक्ष मुद्दाम द्यायचं, आत्ता जे आहे त्याला द्यायचं, आणि त्याला बरंवाईट ठरवायचं नाही. ‘सजगता’मध्ये पहिली गोष्ट येते, दुसरी ओढूनताणून येते, तिसरी येतच नाही. तिसरीसाठी ‘साक्षीभाव’ हा उत्तम जुना शब्द आहे, पण साक्ष म्हटली की कोर्ट आठवतं. ‘तटस्थ’ तर आता निवडणुकीच्या बातम्यांनी पुरता वापरून टाकला आहे.

पेडण्याहून
अवधान निघालं म्हणून सांगतो. ‘सावधान’ हा शब्द स + अवधान, म्हणजे अवधानासह असणारा. समर्थांनी ‘मुख्य हरिकथा निरूपण। दुसरें तें राजकारण। तिसरें तें सावधपण। सर्वविषयीं’ असं म्हटलं तेव्हा त्यात भीती नव्हती, जागेपण होतं. अंतरपाटाशी ‘शुभमंगल सावधान’ म्हणतात तेही वधूवरांना घाबरवायला नव्हे. मुहूर्ताचा क्षण आला, मन इथे आणा, एवढंच. आता हा शब्द घाटातल्या वळणावरच्या पाटीवर आणि शाळेच्या कवायतीत उरला. शब्द गेला याची मला खरोखर हळहळ वाटते. आज सूचनांत ‘सावधान बसा’ लिहिलं तर सगळे छाती पुढे काढून ताठ बसतील.

मडगावहून
कोकणीत घरोघरी ‘सादूर राव’ म्हणतात, सावध राहा या अर्थी. त्यालाही धोक्याची छटा आहेच. मन दुसरीकडे असलेल्या पोराला मात्र आई विचारते, “तुजें चित्त खंय आसा?” चित्त कुठे आहे, एवढा साधा प्रश्न. ओरडा असतो खरा, पण या अभ्यासाचं सगळं मर्म त्यात आहे असं मला वाटतं. दिवसातून मधूनमधून आपणच आपल्याला हे विचारायचं.

एक विनंती. गोव्यात हा विषय निघाला की कुणीतरी ‘सुशेगाद’ पुढे करतंच, पर्यटनाच्या जाहिरातींत तर हमखास. पोर्तुगीज सॉसेगादु, म्हणजे शांत, निवांत, यावरून तो शब्द आपल्याकडे आला. दुपारी जेवून गॅलरीत आरामखुर्चीत पडलेला माणूस सुशेगाद असतो, पण तेव्हा त्याचं मन कोर्टातल्या जमिनीच्या दाव्यात असू शकतं. उलट गर्दीच्या वेळी फेरीबोटीवर गाड्या चढवून घेणारा खलाशी मुळीच सुशेगाद नसतो, तरी पूर्णपणे तिथेच असतो. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, फक्त एक म्हणून दुसरी देऊ नये.

साखळीहून
‘भान’ कुणी घेतलं नाही अजून? वेळेचं भान, प्रसंगाचं भान, भानावर ये. सर्वांना कळणारा शब्द. पण मी भजनी मंडळात पखवाज वाजवतो आणि माझी एक अडचण आहे. आमच्यात ‘देहभान हरपलं’ ही सर्वांत मोठी शाबासकी. अखंड सप्ताहात रात्री उशिरा एखादा अभंग असा रंगतो की पाय दुखतात, झोप येते, काही म्हणजे काही कळत नाही. तेव्हा मी वर्तमानात असतो की नसतो? भान ठेवा असं शिकवायचं आणि भान हरपलं म्हणून वाखाणायचं, हे एका घरात कसं नांदणार?

फोंड्याहून
फार मोलाचा प्रश्न. माझं मत सांगतो. देहभान हरपतं तेव्हाही तुमची सम चुकत नाही ना? मग लक्ष हरवलेलं नाही, ते एका ठिकाणी गोळा झालं आहे. परंपरेत त्याला समाधीच्या बाजूचं मानतात. सतिपट्ठानाचा रोख वेगळा : पाय दुखतात तर पाय दुखतात हेही कळत राहणं. ‘गच्छन्तो वा गच्छामीति पजानाति’, चालताना ‘चालतो आहे’ असं जाणतो. मार्गात दोन्ही अंगं आहेत, सम्मासतीच्या लगेच पुढचं आठवं अंग सम्मासमाधी. तेव्हा नांदायला हरकत नाही, नावं मात्र वेगळी हवीत.

वास्कोहून
साखवाळ आमच्या शेजारीच, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही. पाली विद्या आधुनिक मराठीत आणण्याचं मोठं काम त्या गावच्या धर्मानंद कोसंबींनी (१८७६–१९४७) केलं. बुद्धाचा शोध घेत घर सोडून ते सिलोनपर्यंत गेले, तिथे पाली शिकले, आणि मराठीत साध्या माणसाला कळेल असं लिहिलं. आपण आज इंग्रजीवरून उलटं भाषांतर करत बसतो तेव्हा आपल्याच गोव्यातला हा सरळ रस्ता विसरू नये.

पालीवरून येतानाही खाचखळगे आहेतच. सतिपट्ठानात काया, वेदना, चित्त, धम्म अशी चार ठाणी आहेत. त्यातली वेदना म्हणजे दुखणं नव्हे, कोणतीही संवेदना : सुखाची, दुःखाची, दोन्ही नसलेली. मराठीत ‘वेदनांकडे पाहा’ छापलं तर गुडघेदुखीवाल्या आजी तेवढ्याच पुढे येतील. ‘उपेक्षा’ तर याहून वाईट. पालीत उपेक्खा म्हणजे समतोल मन, आपल्याकडे सुनेने केलेली उपेक्षा. तिथे ‘समता’ किंवा ‘समभाव’ लिहा.

डिचोलीहून
सर्वांचे आभार. एकच नाम शोधायचा हट्ट मी सोडते. क्रियापदांनीच काम होतंय. मथळ्यात ‘अवधान’ ठेवते आणि आत असं लिहिते : “श्वास येतो तो जाणा, जातो तो जाणा. मन दुसरीकडे गेलं की चित्त कुठे आहे ते विचारा. श्वास लक्षात आला की पुन्हा तिथे या. मन गेलं म्हणून स्वतःवर रागावू नका. उद्याच्या कामाचा विचार आला तर उद्याचा विचार आला हेही जाणा. काम वर्ग संपल्यावर करा.” ‘वर्तमान क्षण’ काढून सगळीकडे ‘आत्ता’ घातलं आहे.

पेडण्याहून
छान झालंय, फक्त ‘जाणा’ बदला. पजानातिला ते सर्वांत जवळचं आहे हे मान्य. पण आपल्याकडे ‘हांव जाणा’ म्हणजे मला ठाऊक आहे. कोकणी कानाला ‘श्वास जाणा’ हे श्वासाला ठाऊक आहे असं लागेल. त्यापेक्षा ‘कळू द्या’ लिहा. श्वास येतो तो कळू द्या. त्यात जोर लावणंही नाही.

डिचोलीहून
‘कळू द्या’ घेतलं. अक्षर मोठं ठेवते, म्हणजे चष्मा विसरलेल्यांनाही वाचता येईल.