घरातील हायड्रोपोनिक स्ट्रॉबेरी: फुलोऱ्याच्या काळात खत, उजेड आणि आर्द्रता कशी सांभाळावी?

प्रश्न – कोथरूडची_बाग

नमस्कार. पुण्यात कोथरूडला आमच्या सदनिकेतील एका खोलीत चार फूट बाय चार फुटांचा तंबू उभारून, पाइपांतून फिरणाऱ्या द्रावणावर मी स्ट्रॉबेरी लावली आहे. रोपे वाईकडच्या रोपवाटिकेतून आणलेली, ‘विंटर डॉन’ जातीची आहेत. ऑक्टोबरमध्ये लावल्यापासून पानांची वाढ चांगली होती आणि सध्या फुलोरा भरात आहे.

तंबू, एलईडी दिवा, एक्झॉस्ट पंखा आणि ‘ब्लूम’ नावाची खताची बाटली असा संच एकाच विक्रेत्याकडून घेतला होता. त्यासोबत आलेल्या तक्त्यात फुले दिसू लागताच दिवा १८ तासांवरून १२ तासांवर आणावा, ईसी (विद्युतवाहकतेवरून मोजलेले द्रावणातील क्षारांचे प्रमाण) २.० ते २.२ पर्यंत वाढवावी आणि आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी असे लिहिले आहे. मी त्याप्रमाणेच सर्व केले. सध्या ईसी २.१ आणि पीएच ६.४ आहे. टाकीत सोसायटीचे पाणी भरते, ज्यात महापालिकेचे आणि बोअरचे पाणी एकत्र झालेले असते.

तीन गोष्टी खटकत आहेत. पहिली म्हणजे नव्या, अजून न उलगडलेल्या पानांची टोके आणि फुलांखालच्या हिरव्या पाकळ्यांची टोके तपकिरी होऊन वाळत आहेत. दुसरी, जी फळे धरली आहेत त्यांतील बरीच एका बाजूने फुगलेली आणि दुसऱ्या बाजूने चपटी, आक्रसलेली आहेत. तिसरी, दोन रोपांच्या पानांच्या कडा वरच्या बाजूला वळू लागल्या आहेत आणि खालून किंचित पांढरट दिसतात. या तिन्हींचे कारण एकच आहे की वेगवेगळी कारणे आहेत, आणि आता नेमके काय बदलावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १ – विद्राव्य_खतवाला

ताई, आपण दिलेले आकडे वाचताच तक्त्याविषयी शंका आली. १८ तासांवरून १२ तास, फुलोऱ्यात दोनच्या वर ईसी आणि कोरडी हवा हे वेळापत्रक परदेशात तंबूत गांजा पिकवणाऱ्यांचे आहे. त्या झाडाची लागवड आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्याशिवाय करता येत नाही. तरीही तंबू, दिवे आणि बाटल्यांच्या बाजारासोबत त्याचे तक्ते आले आणि पुढे कोणत्याही फुलणाऱ्या पिकाला सर्रास लावले जाऊ लागले. स्ट्रॉबेरी ही क्षारांच्या बाबतीत अत्यंत नाजूक वनस्पती आहे. तिला फुलोऱ्यात आणि फळांच्या काळातही १.० ते १.४ इतकी ईसी पुरते, त्यामुळे २.१ ही पातळी तिच्या मुळांना पाणी ओढणे अवघड करणारी आहे.

टोके जळण्याचे मूळ मला येथेच दिसते. कॅल्शियम झाडात केवळ पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते आणि एकदा एका पानात बसले की तेथून दुसरीकडे हलत नाही. मोठ्या, उघडलेल्या पानांतून बाष्प सतत बाहेर पडत असल्याने पाणी त्यांच्याकडे ओढले जाते. मिटलेले कोवळे पान आणि फुलाखालची हिरवी पाकळी यांतून बाष्प फारसे जात नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला कॅल्शियम कमी येते. द्रावण खारट झाले की एकूण पाणीच कमी चढते आणि पहिला फटका या कोवळ्या टोकांना बसतो. म्हणजे टाकीत कॅल्शियम भरपूर असूनही टोके जळू शकतात, आणि म्हणूनच वरून आणखी कॅल्शियम ओतल्याने प्रश्न सुटत नाही.

‘ब्लूम’ची बाटली मी बाजूला ठेवीन. तिच्यात प्रामुख्याने स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) असतात. फुले येण्यासाठी जादा स्फुरद लागते ही समजूत दुकानांनी जोपासलेली आहे. त्याऐवजी आपल्या शेती सेवा केंद्रात मिळणाऱ्या विद्राव्य खतांतून १०० लिटर आरओ पाण्यासाठी पुढील मिश्रण करता येईल (खतांच्या नावातील आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के): कॅल्शियम नायट्रेट ५० ग्रॅम, १३:०:४५ हे २० ग्रॅम, ०:५२:३४ हे १५ ग्रॅम, ०:०:५० हे १० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३० ग्रॅम, आणि चिलेटेड लोहासह सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण पाकिटावरील मात्रेत. याची ईसी १.३ च्या आसपास येते. कॅल्शियम नायट्रेट स्वतंत्र बादलीत विरघळवून अगदी शेवटी, भरलेल्या टाकीत सोडावे; घट्ट द्रावणात ते सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खतांशी एकत्र आले तर तळाशी पांढरा गाळ बसतो आणि तो झाडाच्या काही उपयोगाचा राहत नाही. १९:१९:१९ मात्र टाकीत घालू नये, कारण त्यातील नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो आणि मातीतल्यासारखे त्याचे रूपांतर पाइपांत नीट होत नाही.

पीएच ५.८ च्या आसपास आणावा. पातळ केलेले फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबाने घालावे. हातमोजे घालावेत आणि नेहमी पाण्यात ॲसिड सोडावे, ॲसिडवर पाणी ओतू नये.

उत्तर २ – परागकण

वेड्यावाकड्या फळांचा मुद्दा मी घेतो, कारण त्याचा खताशी संबंध कमी आहे. आपण ज्याला स्ट्रॉबेरीचे बी म्हणतो ते दाणेच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी फळे असतात, आणि लाल गर म्हणजे फुलाच्या देठाचा फुगलेला माथा. तो फुगण्यासाठी लागणारे ऑक्सिन हे संप्रेरक त्या दाण्यांतून येते. ज्या दाण्याचे फलन झाले त्याच्या भोवतीचा गर वाढतो, ज्याचे झाले नाही त्याच्या भोवतीचा तसाच राहतो. एखादे वाकडे फळ तोडून भिंगाखाली पाहावे: फुगलेल्या बाजूचे दाणे टपोरे आणि एकमेकांपासून दूर असतील, चपट्या बाजूचे बारीक आणि दाटीवाटीने बसलेले असतील. तसे दिसले तर परागीभवन अपुरे आहे हे निश्चित समजावे. सर्वच दाणे टपोरे असूनही फळ वाकडे असेल तर फुलकिड्यांचा किंवा बोरॉनच्या कमतरतेचा विचार करावा. पण बोरॉनचा पुरेसा डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडे असते, म्हणून ते अंदाजाने घालू नये.

बंद खोलीत मधमाशी नाही आणि वारा नाही. फूल उभयलिंगी असल्यामुळे पंख्याच्या झुळकीने काही पराग पडतात, परंतु मधल्या उंचवट्यावरच्या शेकडो कुक्षींपर्यंत (पराग स्वीकारणाऱ्या टोकांपर्यंत) ते सारखे पोहोचत नाहीत. मऊ केसांचा, चित्रकलेचा बारीक ब्रश घेऊन फुलाच्या कडेच्या परागकोशांवरून एक फेरी आणि नंतर मधल्या उंचवट्यावरून दोन-तीन फेऱ्या हलक्या हाताने माराव्यात, आणि प्रत्येक फुलावर ते उमलल्यापासून सलग तीन-चार दिवस हे करावे. वेळ दिवा लागल्यानंतर काही तासांनी, हवा थोडी कोरडी झाल्यावर निवडावी. दमट हवेत परागकोश नीट फुटत नाहीत आणि परागकण एकमेकांना चिकटतात. ब्रशला पिवळी पूड लागलेली दिसली नाही तर त्या वेळी श्रम वायाच जातात.

प्रत्येक घोसातील पहिले फूल सर्वांत मोठे असते आणि त्यात कुक्षीही सर्वांत जास्त असतात. त्याचे फळ सर्वांत मोठे येते, आणि अपुऱ्या परागीभवनात सर्वांत वेडेवाकडेही तेच होते. वेळ थोडा असेल तर निदान या पहिल्या फुलांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये.

उत्तर ३ – पाचगणीचा_भाचा

आमच्या मामांची शेती पाचगणीजवळ आहे, त्यामुळे तंबूतल्या अनुभवापेक्षा रानातला अनुभव माझ्याकडे अधिक आहे. तरी उजेडाविषयी एक मुद्दा मांडतो. तक्ता दुसऱ्या झाडाचा असला तरी १२ तासांचा दिवस आपल्या जातीला योगायोगाने मानवणारा आहे. ‘विंटर डॉन’ ही फ्लोरिडातील जात, ‘स्वीट चार्ली’ आणि ‘कॅमारोसा’प्रमाणेच, दिवस लहान आणि हवा थंड झाली की फुलकळी धरणारी आहे. महाबळेश्वर, पाचगणी, वाई या पट्ट्यात पावसाळा ओसरताना लागवड होते आणि थंडीत फळ येते ते यामुळेच. दिवस लांबला आणि हवा तापली की अशी जात कळ्या धरायचे सोडून रनर (आडवे पसरणारे लांब फुटवे) टाकत सुटते. आपण पुन्हा १८ तासांवर गेलात तर आत्ताची फुले टिकतील, पण पुढचा बहर मिळणार नाही. ‘अल्बियन’ किंवा ‘सॅन अँड्रियास’ असती तर १६ तासही चालले असते, कारण त्या जातींना दिवसाच्या लांबीचे एवढे सोयरसुतक नसते.

मात्र तास कमी केल्यावर प्रखरता वाढवावी लागते, हे तक्ते सहसा सांगत नाहीत. पानांच्या पातळीवर ३०० मायक्रोमोल (दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशाचे माप) उजेड १२ तास दिला तर दिवसभरात दर चौरस मीटरला सुमारे १३ मोल होतात. ४०० दिला तर सुमारे १७ होतात. फळांत गोडी उतरायची असेल तर १५ च्या वर राहावे असे माझे मत आहे. दिवा खाली आणून हे साधता येते, फक्त पाने तापत नाहीत ना हे हात लावून पाहावे. अंधाराचे १२ तासही सलग असावेत. मध्यरात्री खोलीतला दिवा लावून तंबू उघडण्याची सवय असेल तर ती सोडावी.

तापमानात पुण्याचा जानेवारी आपल्या बाजूने आहे. दिवसा २० ते २४ आणि रात्री १० ते १४ अंश हे स्ट्रॉबेरीला सर्वांत मानवते. खोलीत रात्री एवढी थंडी राहत नाही, म्हणून एक्झॉस्टची हवा आत घेणारा पाइप अंधाराच्या वेळात खिडकीबाहेर काढावा. मार्चनंतर वातानुकूलनाशिवाय हे गणित जमणार नाही, कारण द्रावणही तापते, त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो आणि मुळे कुजू लागतात.

कडा वर वळलेली आणि खालून पांढरट असलेली पाने ही भुरी (पानांवर वाढणारी पांढरी बुरशी) वाटते. ती पाने लगेच कापून पिशवीत बांधून बाहेर टाकावीत, बुंध्यातली जुनी पाने आणि सर्व रनर काढून टाकावेत, म्हणजे क्राउनमधून (पाने जिथून फुटतात त्या बुंध्याच्या गड्ड्यातून) हवा खेळेल. उमललेल्या फुलांवर गंधक किंवा अन्य काही फवारू नये, परागीभवनाला बाधा येते. आणि रात्री एक्झॉस्ट पूर्ण वेगाने चालवून आर्द्रता ५० च्या खाली ठेवावी, म्हणजे भुरी आणि फळकूज दोन्ही आटोक्यात राहतील.

उत्तर ४ – विद्राव्य_खतवाला

पाचगणीकरांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु रात्रभर कोरडी हवा ठेवण्याचा सल्ला या रोपांना मारक ठरेल. आधी सांगितल्याप्रमाणे दिवसा कॅल्शियम मोठी पानेच ओढून घेतात. मिटलेल्या पानांना आणि हिरव्या पाकळ्यांना ते मिळते प्रामुख्याने रात्री, जेव्हा हवा दमट असल्यामुळे बाष्प बाहेर पडणे थांबते आणि मुळांचा दाब पाण्याला सर्व टोकांपर्यंत ढकलतो. ताईंनी दिवा लागण्यापूर्वी बॅटरी घेऊन पाहावे. पानाच्या प्रत्येक दात्यावर पाण्याचा बारीक मणी दिसला तर हा दाब काम करतो आहे. कडा कोरड्या असतील तर टोके जळण्याचे दुसरे कारण हाती लागले.

भुरीची आणि फळकुजीची भीती रास्त आहे, म्हणून रात्रभर दमट ठेवा असे मी म्हणणार नाही. अंधाराचे शेवटचे तीन-चार तास एक्झॉस्ट मंद करून आर्द्रता ९० च्या आसपास जाऊ द्यावी, आतला छोटा पंखा मात्र चालू ठेवावा, आणि दिवा लागताच एक्झॉस्ट पूर्ण वेगाने सुरू करून पाने लवकर वाळवावीत. राखाडी बुरशी फुलातच शिरते, तेथे दबा धरून बसते आणि फळ पिकल्यावर वर येते, म्हणून पाने व फुले तासन्‌तास ओली राहणे हा खरा धोका आहे. गळलेल्या पांढऱ्या पाकळ्या फळाला चिकटून राहू नयेत म्हणून ब्रश फिरवताना त्याही काढून टाकाव्यात.

कोथरूडची_बाग

सर्वांचे मनापासून आभार. भिंगाने पाहिले, चपट्या बाजूचे दाणे सांगितल्याप्रमाणेच बारीक आणि दाट आहेत. सोसायटीच्या पाण्याची नुसती ईसी मोजली, ती ०.९ आली. अशा पाण्यात खत घालून १.३ वर थांबले तर पुरेल का, की टाकी पूर्ण रिकामी करावी?

उत्तर ५ – विद्राव्य_खतवाला

पुरणार नाही. ०.९ मध्ये बोअरचे सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट बरेच असणार. त्यावर ०.४ इतकेच खत घातले तर ईसी मापावर योग्य दिसेल, पण झाड उपाशी राहील. बायकार्बोनेटमुळेच आपला पीएच पुन्हा पुन्हा वर सरकत असावा. टाकी आणि पाइप पूर्ण रिकामे करून आरओ पाण्याने एकदा धुवून घ्यावेत, आणि वरच्या मिश्रणाने नव्याने भरावेत. एवढे आरओ पाणी घरात मिळत नसेल तर तीन भाग आरओ आणि एक भाग सोसायटीचे पाणी चालेल. त्यात मॅग्नेशियम सल्फेट थोडे कमी करावे, कारण आपल्याकडच्या बेसाल्टातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियम बहुधा असतेच. पुढे दर दहा-बारा दिवसांनी द्रावण बदलावे, आणि मधल्या काळात टाकीची पातळी खाली गेली व ईसी वाढलेली दिसली तर फक्त साधे आरओ पाणी घालावे.

जळलेली टोके पुन्हा हिरवी होणार नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून निर्णय घेऊ नये. क्राउनच्या मध्यातून येणारे तिसरे नवे पान आणि त्यानंतरच्या घोसाच्या हिरव्या पाकळ्या पाहाव्यात. ती टोके स्वच्छ निघाली तर ईसी आहे तेथेच ठेवावी. पुन्हा तपकिरी झाली तर ईसी १.१ वर उतरवून पहाटे पानांच्या कडांवरचे मणी पुन्हा तपासावेत आणि येथे कळवावे.