अनुभव धागा: आपलं ‘चा-ची-चे’ आणि इंग्रजीतलं ‘ऑफ’

नाशिकरोडच्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वह्या तपासताना एक चूक हमखास सापडायची, आणि हुशार मुलांच्या वहीतही सापडायची. ‘रीझन ऑफ माय ॲब्सेन्स’, ‘इंटरेस्ट ऑफ क्रिकेट’, ‘सोल्यूशन ऑफ द प्रॉब्लेम’. मराठीत गैरहजेरीचं कारण, क्रिकेटची आवड, प्रश्नाची उकल. एकच षष्ठी सगळीकडे चालते. मुलं तिच्या जागी ‘ऑफ’ बसवतात. इंग्रजीत मात्र प्रत्येक नामाचा सोबती ठरलेला: रीझन फॉर, इंटरेस्ट इन, सोल्यूशन टू.

मी इन, ऑन, ॲट हा वेगळा धडा म्हणून शिकवत राहिले, पेटी आणि मांजराची चित्रं काढून. नाम शिकवतानाच त्याचा सोबती शिकवायला हवा होता, हे फार उशिरा उमगलं. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी परवा भाचीच्या वहीत तीच चूक दिसली. म्हणून हा धागा. तुम्ही कुठे अडलात, कसं सुटलं, लिहा.

अंबड, क्वालिटी विभाग

बाई, माझे नोकरीचे पहिले सहा महिने आठवले. गिऱ्हाइकाने माल परत पाठवला की आम्हाला एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोष का आला आणि त्यावर काय केलं याचा आठ टप्प्यांचा अहवाल, भरून द्यावा लागतो. त्यात ‘रूट कॉज’, म्हणजे मूळ कारण, असा रकाना असतो. मी तिथे लिहायचो, ‘डायमेन्शन आउट’. रिपोर्ट परत यायचा. शेवटी आमच्या साहेबांनी शेजारी बसवून सांगितलं, कॉज असेल तर ‘ऑफ’, रीझन असेल तर ‘फॉर’. ‘रीझन फॉर रिजेक्शन’ म्हणजे माल का नाकारला: माप चुकलं म्हणून. ‘कॉज ऑफ द डिफेक्ट’ म्हणजे माप कशामुळे चुकलं: टूल झिजलं होतं. मराठीत मी दोन्हीला ‘कारण’च म्हणत होतो, म्हणून दोन्ही एकच वाटत होतं. त्या दिवसापासून रिपोर्ट लिहिणंच बदललं, मशीनवर जाऊन बघणंही वाढलं.

अजून एक. ‘इन्क्रीज’पुढे ‘इन’ की ‘ऑफ’ यावर आमच्याकडे वाद व्हायचे. दोन्ही बरोबर आहेत. कशात वाढ झाली ते ‘इन’, किती झाली ते ‘ऑफ’. ‘ॲन इन्क्रीज ऑफ 2 मायक्रॉन्स इन द डायमीटर’. ‘डॅमेज’ला मात्र ‘टू’: ‘डॅमेज टू द पार्ट’.

पिंपळगाव बसवंत, द्राक्ष निर्यातीचं ऑफिस

‘मागणी’ने मला अडवलं होतं. द्राक्षांची मागणी आणि खरेदीदाराची मागणी, आपल्याकडे दोन्ही ‘ची’. इंग्रजीत ‘डिमांड फॉर ग्रेप्स’ आणि ‘डिमांड फ्रॉम बायर्स’. मी एका नव्या खरेदीदाराला लिहिलं, ‘वी गॉट द डिमांड ऑफ युवर कंपनी’. मला म्हणायचं होतं, तुमची ऑर्डर मिळाली. समोरच्याला वाटलं आम्ही त्यांच्या एखाद्या हट्टाबद्दल किंवा दाव्याबद्दल बोलतोय. दोन फोन करून खुलासा करावा लागला.

कंटेनरचं तर रोजचं आहे. सीझनमध्ये ‘अ कंटेनर फॉर ग्रेप्स’ म्हटलं तर माल भरायला रिकामा कंटेनर हवाय. ‘अ कंटेनर ऑफ ग्रेप्स’ म्हणजे भरलेला. नवीन मुलगा कामावर आला की मी त्याला पहिल्या दिवशी हे दोन शब्द सांगतो. लांब वाक्य वाचतानाही आता नामापासून एकेक कडी धरत पुढे जातो: एक्स्पोर्ट, कशाची, ऑफ ग्रेप्स, कुठून, फ्रॉम नाशिक, कुठे, टू रॉटरडॅम.

गंगापूर धरणाजवळ, वायनरीत गाइड

वरच्या कंटेनरसारखंच माझं ‘ग्लास’चं. एका पाहुण्यांनी दुकानाकडे बोट करून ‘टू वाइन ग्लासेस’ मागितले. मी दोन ग्लासांत वाइन ओतून नेली. त्यांना रिकामे पेले विकत हवे होते. वाइन प्यायची असती तर ते ‘टू ग्लासेस ऑफ वाइन’ म्हणाले असते. आपल्या ‘चहाचा कप’मध्ये चहा आहे की नाही हे बोलण्याच्या संदर्भावरून कळतं, इंग्रजीत शब्दांच्या जागेवरून कळतं.

सिडको, दोन मुलांची आई

माझा धाकटा सेमी-इंग्लिशला आहे. त्याने लिहिलं, ‘ऑन टेबल बुक इज माइन’. बाईंनी फुली मारली, पण का ते सांगितलं नाही. मी स्वतः मराठी माध्यमाची, मलाही सांगता येईना. मग रात्री भांडी आवरताना सुचलं. आपण ‘टेबलावरचं पुस्तक’ म्हणतो. आधी टेबल, मग ‘वर’, त्याला ‘चं’ लागतं आणि शेवटी पुस्तक. म्हणजे पुस्तकाची ओळख आधी आणि पुस्तक नंतर. इंग्रजीत पुस्तक आधी हातात घ्यायचं, मग कुठलं ते सांगायचं: ‘द बुक ऑन द टेबल’.

मग आम्ही घरभर हाच खेळ केला. कपाटातली चादर, खिडकीजवळची कुंडी, गॅसवरचं दूध, पिशवीतले कांदे. मी मराठीत म्हणायचे, तो आधी वस्तूला हात लावून इंग्रजीत. ‘-तली’ आली की ‘इन’, ‘-वरचं’ आलं की ‘ऑन’. आपल्याला एवढी बारीक भाषा आधीपासून येते, हे त्याला कळलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही.

पंचवटी, स्पर्धा परीक्षेची तयारी

क्रियापद आणि नाम यांची मी वेगळी वही केली आहे. ‘डिस्कस’ला सोबती नाही, ‘डिस्कशन’ला ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’. ‘रिक्वेस्ट’, ‘एम्फसाइझ’, ‘लॅक’ ही क्रियापदं एकटी चालतात; नामं मात्र ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘एम्फसिस ऑन’, ‘लॅक ऑफ’. आपण ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो ते नामाचा सोबती क्रियापदाला चिकटवल्यामुळे. आणि ‘द क्वालिटी ऑफ द ओनियन्स’पुढे ‘इज’ येतं, ‘आर’ नाही, कारण वाक्याचा कर्ता ‘क्वालिटी’ आहे, कांदे नाहीत. यावर माझा एक मार्क गेला आहे.

कॉलेज रोड, नर्स

केस पेपरवर ‘पेशंट विथ डायबिटीज’, ‘हिस्ट्री ऑफ अस्थमा’, ‘ॲलर्जी टू पेनिसिलिन’. हे तिन्ही मी पाठच केले. अर्थ लावत बसायला वेळ नसतो.

रविवार कारंजा, छपाईचं काम

लग्नपत्रिकेत सगळ्यांना ‘वेडिंग ऑफ’ मुलगी ‘विथ’ मुलगा असंच हवं असतं. पुस्तकी इंग्रजी ‘मॅरेज टू’ म्हणतं. मी एकदा सुचवून पाहिलं, मुलीच्या आजोबांना ते परकं वाटलं. ‘च्याशी’ला ‘विथ’ हेच आपल्याकडे रुजलं आहे, वाचणाऱ्याला नीट कळतं, म्हणून मी ते चूक मानत नाही.

ओझर, एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त

तुम्ही सगळे सोबती शब्दांबद्दल लिहिताय. आम्हाला विमानाच्या मॅन्युअलमध्ये ते सापडतच नसत. ‘लँडिंग गिअर डोअर लॉक’. चार शब्द एकापुढे एक, मध्ये काही नाही. माझ्या वरिष्ठांनी शिकवलं, शेवटच्या शब्दापासून मागे ये: लॉक, कशावरचं, ऑन द डोअर, कशाचं दार, ऑफ द लँडिंग गिअर. गाळलेले सोबती परत भरायचे. ही शाळेतल्या समासाच्या विग्रहाचीच रीत. पोळपाट म्हणजे पोळीसाठी पाट, वनभोजन म्हणजे वनातलं भोजन. आपण हे आधीच करून आलेलो असतो.

धागाकर्ती

ओझरच्या काकांचं वाचून काल भाचीला बसवलं. पोळपाटाचा विग्रह आधी मराठीत, मग ‘बोर्ड फॉर रोलिंग’. क्रीडांगण, ‘ग्राउंड फॉर गेम्स’. ‘फॉर’ कुठे येतं हे तिने स्वतःच ओळखलं, ‘साठी’ दिसलं की. मग ती स्वतः शोधायला लागली आणि पाणीपट्टीवर आली. पाण्यावरची पट्टी की पाण्यासाठीची? टॅक्स ऑन वॉटर की चार्ज फॉर वॉटर? आम्ही दोघी तिथे अडलोय. महापालिकेत काम केलेलं कुणी वाचत असेल तर लिहा.