मोटारीच्या रंगावरचे हलके चरे : तुम्ही काय केलेत आणि पुढे काय झाले?

गेल्या आठवड्यात इमारतीच्या वाहनतळावर कुणाच्या तरी सायकलचे हँडल माझ्या गाडीच्या मागच्या दाराला घासून गेले आणि वीतभर लांबीचा, पण वरवरचा वाटणारा चरा उमटला. गाडी राखाडी असून सहा वर्षांची आहे. गॅरेजमध्ये चौकशी केली, तर अख्खे दार रंगवून घेण्याचा सल्ला मिळाला, तो काही मला पटलेला नाही. ज्यांनी असे चरे स्वतः काढले आहेत किंवा काढून घेतले आहेत, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. फसलेले प्रयोगही हवे आहेत. गाडीचा रंग मात्र आवर्जून सांगावा, कारण पांढऱ्यावर जे खपून जाते ते काळ्यावर खपत नाही.

पुणे, काळी गाडी

काळ्या रंगाबद्दल आपण म्हणता ते अगदी खरे आहे. चरा ओला केल्यावर दिसेनासा होत होता आणि त्यावरून आडवे नख फिरवले तरी अडकत नव्हते, म्हणजे तो वरच्या पारदर्शक थरापुरताच होता. दार शाम्पूने धुऊन, वाळवून, सावलीत उभ्या केलेल्या गाडीवर वाटाण्याएवढे रबिंग कंपाउंड (रंग घासायची बारीक कणांची पेस्ट) घेऊन मी दहा-बारा मिनिटे हाताने घासले, आणि चरा खरोखरच गेला. चूक एवढीच झाली की मी जुन्या बनियनचे फडके वापरले. रात्री वाहनतळाच्या ट्यूबलाइटखाली पाहतो तो काय, एका चऱ्याच्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक गोल रेषा! मग स्वच्छ मायक्रोफायबर कापड आणून, कंपाउंडपेक्षा बारीक कणांचे पॉलिश दोनदा फिरवले आणि शेवटी वॅक्स लावले, तेव्हा कुठे त्या रेषा मावळल्या. वॅक्सने चरा जात नाही, तो काही दिवस झाकला जातो इतकेच, हेही तेव्हाच कळले.

रत्नागिरी, पांढरी गाडी

आमच्या पाखाडीच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या आहेत, त्यामुळे चऱ्यांचा दोष मी अनेक वर्षे त्यांनाच देत आलो. प्रत्यक्षात निम्मे चरे माझ्याच हातचे होते, कारण रोज सकाळी जांभ्याची लाल धूळ मी कोरड्या फडक्याने पुसत असे. आता आधी पाणी ओतून धूळ वाहू देतो आणि मगच हात लावतो. टूथपेस्टचा प्रयोगही केला. तिच्यात घासणारे बारीक कण असल्यामुळे चरा थोडा फिका झाला, पण दाराच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीत ती पांढरी होऊन बसली आणि ती काढायला जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास बसावे लागले. पट्टीवर आधी चिकटपट्टी लावली असती, तर हे टळले असते.

नागपूर, लाल गाडी, 1998 सालची

कंपाउंड घासताच कापड लाल झाले आणि माझे धाबे दणाणले. जुन्या पेंटरने समजावले की अशा जुन्या साध्या रंगावर पारदर्शक थर नसतो, त्यामुळे उन्हाने मेलेला रंगच कापडावर येतो. नव्या मेटॅलिक गाडीचा रंग कापडावर दिसू लागला, तर मात्र त्याच क्षणी थांबावे.

डेंटिंग-पेंटिंगच्या व्यवसायातून

वरचा पारदर्शक थर साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो, आणि प्रत्येक रबिंगमध्ये त्यातलाच काही भाग कायमचा जातो. तरीही दर दिवाळीला अख्ख्या गाडीचे रबिंग करून मागणारी गिऱ्हाइके आमच्याकडे येतात. मी त्यांना नुसते धुऊन वॅक्स लावायला सांगतो, तेव्हा मी कामचुकार ठरतो. कडांवर हा थर आणखी पातळ असतो, त्यामुळे तिथे मशीन क्षणभर जास्त टेकले तरी रंग जळतो. चऱ्यात पांढरा किंवा करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दिसत असेल, तर पॉलिशवर पैसे घालवू नयेत, गाडीच्या माहितीच्या पट्टीवरचा कलर कोड (रंगाचा क्रमांक) पाहून टच-अप रंग भरावा. पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्यापूर्वीच भरावा, नाहीतर गंज धरतो.

डोंबिवली, निळी गाडी

माझा चरा म्हणजे मुळात खांबाचा पिवळा रंग होता. टर्पेंटाइनच्या ओल्या फडक्याने तो पुसला गेला. खाली बोटभर खरा चरा निघाला, तो दोन वर्षे तसाच आहे.

नाशिक, चंदेरी गाडी

विम्याचा दावा करण्याआधी हिशेब मांडावा. एका दाव्याने 20 ते 50 टक्क्यांपर्यंतचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातो, आणि खर्चातले पहिले काही रुपये तर आपल्यालाच भरावे लागतात.

धागाकर्त्याकडून

काल रात्री चरा ओला करून पाहिला. बराचसा दिसेनासा झाला, पण मुठीजवळ दोन बोटे अंतर नख अडकते. रविवारी सावलीत पुढचा भाग घासून पाहणार आहे. मुठीजवळच्या तुकड्यासाठी कलर कोड टिपून घेतला आहे.