विंडोज १० छाटून हलकं करायचंय, काय बंद करू अन् काय नको?

सेवाकेंद्र_दारव्हा
नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. डेस्कटॉप जुना: चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबल्यापासून पहिला सातबारा निघेपर्यंत बारा मिनिटं जातात, घड्याळ लावून पाहिलं. जुलैत पीकविम्याच्या वेळी बाया निंदणाची मजुरी बुडवून ओळीत उभ्या होत्या अन् माझ्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरून राहिलं होतं. फार वाईट वाटलं.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दाखवते, प्रोसेसर मात्र दहा-पंधरावर. मागच्या महिन्यात एक व्हिडिओ पाहून सर्व्हिसेस (विंडोजची मागे चालणारी कामं) बंद करत गेले, तर अंगठ्याचं यंत्र ओळखेनासं झालं, प्रिंटही निघेना. काय काय बंद केलं ते लिहून ठेवलं नव्हतं, परत चालू करण्यात अख्खा दिवस गेला. आता एक जण म्हणतो, सगळं फालतू काढलेलं ‘लाइट’ विंडोज पेन ड्राइव्हवर देतो. टाकू का? सोयाबीनचे पैसे यायचेत, नवीन मशीन सध्या जमणार नाही.

दुरुस्तीवाला_हिंगणघाट
ताई, ते लाइट विंडोज टाकू नका. त्यातून काय काढलं हे तो सांगेल, आत काय घातलं ते कोण सांगणार? माझ्याकडे असं एक मशीन आलं होतं. डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटीव्हायरस, मुळापासून काढलेला, अपडेट कायमचं बंद. तुमच्या मशीनवरून गावाचे आधार अन् बँकेची पासबुकं जातात.

डिस्क १०० अन् प्रोसेसर १५, म्हणजे दुखणं तुम्हाला सापडलंच आहे. डेस्कटॉपची फिरती हार्ड डिस्क बहुतेक मिनिटाला ७२०० फेरे घेते. विखुरलेल्या बारीक फायली वाचायच्या तर सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचणं होतं. विंडोज उठताना अशा हजारो फायली मागते. त्यात ४ जीबी रॅम भरली की उरलेला माल पेज फाइलमध्ये, म्हणजे त्याच डिस्कवर जातो. म्हणून छाटायचं ते डिस्कला त्रास देणारंच.

आधी टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब उघडा. वनड्राइव्ह, टीम्स, ब्राउझर, प्रिंटर कंपनीची खिडकी, सगळं डिसेबल. सेटिंग्जच्या प्रायव्हसीत बॅकग्राउंड अ‍ॅप्स बंद. मग सर्व्हिसेसमध्ये फक्त दोन: सिसमेन अन् विंडोज सर्च. सिसमेन नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये भरून ठेवते. तुमच्या रॅममध्ये जागाच नाही, मग नुसती डिस्क घासते. सर्च बंद केल्यावर फाइल शोधायला वेळ लागेल, पण सापडेल. एका दिवशी एकच बदल करा, दिवसभर काम करून पाहा, वहीत लिहा.

प्रिंटची रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर बंद केला म्हणून प्रिंट थांबली असेल. अंगठ्याच्या यंत्राला आधार पडताळणीशी जोडणारी आरडी सर्व्हिसही त्याच यादीत असते. त्या दोन्हींना हात नको. डिफेंडर, अपडेट अन् पेज फाइललाही नको. रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्राम तर आणूच नका.

एवढ्यानं फरक पडेल, पण खरा उपाय एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. २५६ जीबीची साटा एसएसडी घ्या अन् आहे तेच विंडोज तिच्यावर क्लोन करा (हुबेहूब नक्कल उतरवा), म्हणजे यंत्राची मांडणी जशीच्या तशी राहते. बहुतेक चौथ्या पिढीच्या बोर्डांना डीडीआर-३ रॅम लागते. स्लॉट रिकामा असेल तर आणखी एक जुनी ४ जीबीची पट्टी टाका. नव्या मशीनच्या पासंगालाही हा खर्च पुरणार नाही.

कॅबिनेट उघडाल तेव्हा पंखाही पाहा. आमच्याकडे जिनिंगच्या आसपासच्या मशीनांत रुईचा असा थर बसतो की नखानं सोलून काढावा लागतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

शाळामास्तर_धारणी
आम्ही शाळेतल्या २ जीबीच्या मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. पोरं मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करतात, छान चालतं. पण ताईंचं अंगठ्याचं यंत्र विंडोजवर बसवलेलं आहे, तेव्हा त्यांनी या वाटेला जाऊ नये.

अकोटकर
विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही पाहा. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे बसतं.

सेवाकेंद्र_दारव्हा
भाऊ, स्टार्टअप अन् दोन सर्व्हिसेस बंद केल्यावर बाराचे सात मिनिटं झाले. काल यवतमाळहून एसएसडी आणून क्लोन केली. आज सकाळी दोन मिनिटांच्या आत सातबारा हातात! अंगठ्याचं यंत्रही पहिल्याच वेळी ओळखलं. वाढीव अपडेटची नोंदणीही करून घेतली. आता जुनी डिस्क भाच्याला देऊ का? त्यात लोकांची कागदं आहेत.

दुरुस्तीवाला_हिंगणघाट
आठवडाभर एसएसडी नीट चालू द्या, तोवर जुनी तशीच कपाटात ठेवा. मग द्या, पण आधी फॉरमॅट करा अन् ‘क्विक’समोरची खूण हटवा, म्हणजे कागदं नीट पुसली जातील. तीन-चार तास लागले तरी चालतील, मधे बंद करू नका. भारनियमनाची वेळ टाळून रात्री लावा.